आधी एम.ए. की आधी बी.एड.? शिक्षक होण्यासाठी पदवीनंतरची वाट कशी ठरवायची

पदवीचे निकाल लागले की दोन-तीन आठवडे आमच्या घरी चहाचं आधण गॅसवरून उतरत नाही. जुने विद्यार्थी येतात, बरोबर कधी आई असते, कधी मामा. "मॅडम, शिक्षक व्हायचंय. आता काय करू?" तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते मी, त्याआधी काही वर्षं आठवी-नववीला शिकवत होते. एवढ्या काळात या प्रश्नाचं उत्तर कितीदा तरी बदललं. माझं बी.एड. एका वर्षात झालं होतं, २०१५ पासून ते दोन वर्षांचं झालं. तेव्हा टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, नव्हती, भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी नव्हती, शिक्षकभरतीचं सरकारी पवित्र पोर्टल नव्हतं. म्हणून ज्यांच्या घरात एखादे काका पूर्वी शिक्षक झालेत, त्यांना मी आधीच सांगते, काकांचं ऐका, पण त्यांच्या वाटेनं जाऊ नका. ती वाट आता त्या जागी नाही.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगी आली होती. बी.ए. समाजशास्त्र, मग एम.ए. समाजशास्त्र, दोन्हीकडे चांगले गुण, त्यावर बी.एड. घरची दोन एकर जिरायती शेती, तिच्यावर हे सगळं शिक्षण झालेलं. आता जागा शोधायला निघाली तेव्हा तिच्या लक्षात आलं की नववी-दहावीला समाजशास्त्र हा विषयच नाही. अकरावी-बारावीला आहे, पण तो विषय चालवणारी कनिष्ठ महाविद्यालयं मोजकी आणि एका ठिकाणी एखादंच पद, तेही बरेचदा तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरतंच मानधन. ती माझ्यासमोर गुणपत्रिकांची फाइल घेऊन बसली होती आणि त्या फाइलमध्ये एकही कमी गुणांचा कागद नव्हता. हे तिला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला कुणी सांगितलं असतं तर तिनं इतिहास हा मुख्य विषय घेतला असता, तो तिच्याकडे होताच. कुणी सांगितलं नाही. तेव्हापासून मी हे सगळं लिहून काढायचं ठरवलं होतं.

तर पायरी-पायरीनं जाऊ. पहिल्या तीन पायऱ्या घरी बसून, वही-पेन घेऊन करायच्या आहेत. त्या झाल्याशिवाय कुठलाही प्रवेश अर्ज भरू नका.

पायरी १: कुठल्या इयत्तेला शिकवायचंय ते ठरवा

"शिक्षक व्हायचंय" हे वाक्य अपुरं आहे. कायद्याच्या लेखी पहिलीची बाई आणि बारावीच्या मॅडम यांच्या पात्रता अगदी वेगळ्या आहेत.

पहिली ते पाचवी शिकवायचं असेल तर डी.एल.एड. लागतं, जुनं नाव डी.एड. इथे बी.एड. चालत नाही. मधल्या काळात चालत होतं. २०१८ साली राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेनं, म्हणजे एनसीटीईनं, बी.एड.वाल्यांना प्राथमिकची दारं उघडली होती. ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं ती अधिसूचना रद्द केली. लहान मुलांना शिकवणं हे वेगळं शास्त्र आहे, त्याचं प्रशिक्षण डी.एल.एड.मध्ये मिळतं, बी.एड.मध्ये नाही, असा त्यामागचा विचार आहे आणि तो मला पूर्ण पटतो. पहिलीच्या मुलाला अक्षर ओळखायला शिकवणं हे बारावीला कविता शिकवण्यापेक्षा कितीतरी अवघड काम आहे. पदवी झालेल्या मुलांना "आता परत बारावीनंतरचा डिप्लोमा करायचा?" असा कमीपणा वाटतो. वाटू देऊ नका. लहान मुलांत रमणारे असाल तर पदवीनंतरही दोन वर्षांचं डी.एल.एड. हीच तुमची योग्य पात्रता आहे. धाकटं भावंड बारावीला असेल तर त्याच्यासाठी चार वर्षांचा एकात्मिक शिक्षक शिक्षण अभ्यासक्रमही आहे, पदवी आणि शिक्षणशास्त्र एकत्र. तुमची पदवी झालेली असल्यानं तो तुमच्यासाठी नाही.

सहावी ते आठवीला पदवी आणि बी.एड. किंवा डी.एल.एड., शिवाय टीईटीचा दुसरा पेपर.

नववी-दहावीला पदवी किंवा पदव्युत्तर पदवी, दोन्हींपैकी एकीला किमान ५० टक्के, आणि बी.एड.

अकरावी-बारावीला त्याच विषयातली पदव्युत्तर पदवी किमान ५० टक्क्यांनी, आणि बी.एड. एनसीटीईच्या २०१४ च्या नियमांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे.

आणि वरिष्ठ महाविद्यालय, म्हणजे जिथे बी.ए., बी.एस्सी. शिकवतात, तिथे बी.एड. लागतच नाही. पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के, राखीव प्रवर्गांना ५० टक्के, आणि सेट किंवा नेट, म्हणजे सहायक प्राध्यापक पदासाठीची राज्याची किंवा देशपातळीवरची पात्रता परीक्षा. आपल्याकडे अकरावी-बारावीच्या शिक्षकालाही लोक "प्राध्यापक" म्हणतात, त्यामुळे घरोघरी फार गोंधळ होतो. "प्राध्यापक व्हायचंय म्हणून बी.एड. केलं" असं सांगणारी मुलं दरवर्षी भेटतात. आणि सेट झालेला मुलगा "आता मला अकरावीला घेतील ना" असं विचारतो, तेव्हा त्याला बी.एड. नाही म्हणून नाही सांगावं लागतं. दोघंही हुशार असतात. वाट चुकलेली असते फक्त.

पायरी २: विषय तपासा, आणि इथे घाई करू नका

सगळ्यांत जास्त नुकसान याच पायरीवर होतं, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

विषयांचे दोन गट डोक्यात ठेवा. शाळेत शिकवले जाणारे विषय म्हणजे मराठी, हिंदी, इंग्रजी, संस्कृत, गणित, विज्ञान, इतिहास-राज्यशास्त्र, भूगोल. आणि फक्त अकरावीपासून वर भेटणारे विषय म्हणजे अर्थशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र, तर्कशास्त्र, वाणिज्य शाखेचे सगळे विषय. तुमचा विषय पहिल्या गटातला असेल तर तुमच्यापुढे सहावी ते बारावी एवढं मोठं मैदान आहे. दुसऱ्या गटातला असेल तर फक्त दोन इयत्ता. एम.कॉम., बी.एड. झालेल्याला दहावीपर्यंतच्या शाळेत त्याच्या विषयाचं पद मिळणारच नाही, कारण तो विषय तिथे नाही.

बी.एड.ला अध्यापन पद्धती निवडावी लागते, कॉलेजात तिला सगळे "मेथड" म्हणतात. ही मेथड पदवीला घेतलेल्या विषयांवर ठरते. बी.ए.ला इतिहास आणि मराठी असेल तर त्या दोन मेथड घेता येतात. समाजशास्त्र आणि मानसशास्त्र असेल तर अनेक कॉलेजांत मेथडच्या वेळी अडचण येते. मग मुलं जी मिळेल ती घेतात आणि पुढे नोकरीच्या अर्जात पदवीचा विषय एक, मेथड दुसरी, एम.ए. तिसऱ्याच विषयात, अशी खिचडी होते. पदवी, मेथड आणि पदव्युत्तर पदवी एकाच विषयाची असेल तर कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर कुणाला काही विचारायला जागा उरत नाही.

विज्ञानाचं वेगळंच आहे. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी आपण एकाच विषयात खोल जातो आणि मग "माझं रसायनशास्त्र" असं म्हणायला लागतो. पण शाळेला विज्ञानाचा शिक्षक हवा असतो. केंद्रीय विद्यालयाच्या टीजीटी (प्रशिक्षित पदवीधर शिक्षक) विज्ञान पदाला पदवीला वनस्पतीशास्त्र, प्राणीशास्त्र आणि रसायनशास्त्र असे तिन्ही विषय लागतात. भौतिकशास्त्र-गणितवाल्यानं तिथे गणिताच्या पदाकडे पाहायचं असतं. एम.एस्सी. निवडतानाही हेच. बारावी विज्ञानाला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, गणित हे पायाचे विषय आहेत. सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान हे विषय सुंदर आहेत, पण त्यातल्या एम.एस्सी.ला जीवशास्त्राच्या पदावर सरसकट घेत नाहीत. केंद्रीय विद्यालय घेतं, पण पदवीला वनस्पतीशास्त्र आणि प्राणीशास्त्र असेल तरच. शिक्षक व्हायचं नक्की असेल तर एम.एस्सी.ला नवलाईपेक्षा पायाचा विषय घ्या, असं माझं ठाम मत आहे.

इंजिनिअर झालेली मुलंही हल्ली विचारायला येतात. विज्ञान-गणिताचं विशेषीकरण असलेल्या अभियांत्रिकी पदवीला ५५ टक्के असतील तर बी.एड.चं दार उघडं आहे. मात्र प्रवेश मिळणं आणि पुढे पदासाठी पात्र ठरणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्यामुळे पुढची पायरी तुमच्यासाठी सगळ्यांत महत्त्वाची.

पायरी ३: जाहिरात उलटी वाचा

आपण पदवी घेतो, मग जाहिरात पाहतो. हे उलटं करा. ज्या नोकरीवर तुमचा जीव आहे तिच्या मागच्या दोन भरतींच्या जाहिराती आधी मिळवा. जिल्हा परिषद, महापालिका आणि खाजगी अनुदानित संस्था यांच्या जागा पवित्र पोर्टलवर येतात. केंद्रीय विद्यालय आणि जवाहर नवोदय विद्यालय यांच्या जाहिराती त्यांच्या संकेतस्थळांवर असतात. खाजगी सीबीएसई शाळा बहुतेक वेळा याच पात्रतांच्या जवळपास मागणी करतात.

वहीच्या एका पानावर पाच रकाने करा. पद, लागणारी पदवी आणि विषय, किमान टक्केवारी, व्यावसायिक पात्रता, आणि कुठली परीक्षा. शेवटी वयोमर्यादा लिहायला विसरू नका. जे तुमच्याकडे आहे त्यावर हिरवी खूण, जे नाही त्यावर लाल. लाल खुणा म्हणजे तुमचा पुढच्या तीन-चार वर्षांचा आराखडा. हे पान तयार करायला दोन संध्याकाळ लागतात. माझ्याकडे येणाऱ्यांना मी हे पान आणल्याशिवाय सल्ला देत नाही, थोडं कठोर वाटतं, पण पान करता करता निम्म्या मुलांना उत्तर स्वतःच सापडतं.

माध्यमाकडेही बघा. पवित्रवर उमेदवारानं स्वतः भरायच्या स्वप्रमाणपत्रात तुमचं शिक्षण कुठल्या माध्यमातून झालं तेही नोंदवावं लागतं. मराठी माध्यमातून शिकून इंग्रजी माध्यमाच्या शाळेची स्वप्नं पाहणाऱ्यांनी हे बी.एड.चं माध्यम निवडण्याआधी लक्षात घ्यावं.

पायरी ४: आधी पदव्युत्तर की आधी बी.एड.

याचं एकच उत्तर नाही, पण माझं मत आहे आणि ते घरच्या परिस्थितीप्रमाणे बदलतं.

घरून दोन वर्षं निभावू शकत असतील आणि विषयावर प्रेम असेल तर आधी पूर्णवेळ एम.ए. किंवा एम.एस्सी. करा. विषय पक्का झाला की बी.एड.मध्ये "कसं शिकवायचं" यावर लक्ष देता येतं. "काय शिकवायचं" तेच नीट माहीत नसलेला विद्यार्थी सराव पाठाला उभा राहतो तेव्हा त्याचं पाठ टाचण छान असतं, तक्ते रंगीत असतात, आणि मुलांनी एक आडवा प्रश्न विचारला की तो फळ्याकडे वळतो. हे मी मार्गदर्शक म्हणून मागच्या बाकावर बसून अनेकदा पाहिलंय. विज्ञानवाल्यांनी तर आधी एम.एस्सी.च करावी, कारण प्रयोगशाळेचं काम बाहेरून होत नाही आणि मध्ये खंड पडला की परत वळणं जड जातं.

घरात लवकर कमावतं होणं भाग असेल तर आधी बी.एड. करा. त्यावर दहावीपर्यंतच्या शाळेचा दरवाजा उघडतो. कला किंवा वाणिज्य शाखेचे असाल तर नोकरी करता करता यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, इग्नू किंवा तुमच्याच विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्रातून एम.ए., एम.कॉम. करता येतं. अभ्यासक्रमाला विद्यापीठ अनुदान आयोगाची दूरशिक्षणाची मान्यता त्या वर्षासाठी आहे ना, एवढं प्रवेश घेण्याआधी बघा. मी हीच वाट धरली होती. दिवसा आठवीला व्याकरण, रात्री ज्ञानेश्वरीवरच्या नोट्स. झोप कमी झाली, पण सकाळी वर्गात जे शिकवलं त्याचं मूळ रात्री सापडायचं, आणि तो आनंद मला नुसत्या विद्यार्थिदशेत मिळाला नसता.

दोन्ही एकदम करू का, असं हल्ली सगळे विचारतात. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२२ मध्ये दोन अभ्यासक्रम एकाच वेळी करायला परवानगी दिली आहे, एक नियमित आणि एक दूरस्थ असं चालतं. पण आधी तुमच्या विद्यापीठाचे नियम विचारा. आणि बी.एड.चं दुसरं वर्ष कसं असतं ते बघा. एनसीटीईच्या आराखड्यात २० आठवडे शाळेत काढायचे असतात, त्यातले १६ दुसऱ्या वर्षी. त्या काळात टाचणं, पाठ, निरीक्षणं, अहवाल, कृतिसंशोधन यांतून डोकं वर काढता येत नाही. एम.ए.चे पेपर त्याच महिन्यांत आले तर दोन्हीकडे नुकसान होतं.

एक वर्षाच्या बी.एड.बद्दल अनेक जण थांबून राहिलेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये एनसीटीईनं नव्या नियमांचा मसुदा काढला आणि त्यात चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी असणाऱ्यांसाठी एक वर्षाचं बी.एड. सुचवलं. मसुदा म्हणजे प्रवेश नव्हे. कुणी कॉलेज "आमच्याकडे एक वर्षाचं सुरू झालं" म्हणालं तर त्या अभ्यासक्रमाचा एनसीटीईचा मान्यता आदेश मागा. आदेश हातात नसेल तर पैसे भरू नका. आणि नुसत्या आशेवर वर्ष वाया घालवू नका.

बी.एड.-एम.एड. असा तीन वर्षांचा एकत्र अभ्यासक्रमही आहे, त्याला पदव्युत्तर पदवी ५५ टक्क्यांनी लागते. अध्यापक महाविद्यालयात शिकवायचं ज्यांच्या मनात आधीपासून आहे त्यांनीच तो घ्यावा.

पायरी ५: प्रवेश परीक्षा

महाराष्ट्रात बी.एड.चा प्रवेश राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्षाच्या सीईटीतून होतो. १०० प्रश्न, ९० मिनिटं, मानसिक क्षमतेचे ४०, सामान्य ज्ञानाचे ३०, शिक्षक अभियोग्यतेचे ३०. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडू नका. इंग्रजी माध्यमाच्या बी.एड.साठी ईएलसीटी ही वेगळी चाचणी द्यावी लागते. अर्ज हिवाळ्यातच सुरू होतात, पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतानाच. निकालाची वाट बघत बसलेल्यांचं वर्ष इथेच जातं. दुसरी चूक म्हणजे सीईटीचा निकाल आला की प्रवेश झाला असं समजणं. त्यानंतर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेसाठी वेगळी नोंदणी, कागदपत्रं आणि कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा असतो. पदवीला किमान ५० टक्के लागतात, राज्यातल्या राखीव प्रवर्गांना सवलत आहे.

पायरी ६: कॉलेज निवडताना पाहायच्या गोष्टी

शासकीय आणि अनुदानित अध्यापक महाविद्यालयं पसंतीक्रमात वर ठेवा. तिथे शुल्क कमी आणि शिकवणारी माणसं पूर्णवेळ असण्याची शक्यता जास्त. खाजगी विनाअनुदानित कॉलेजचं शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ते त्यांच्या संकेतस्थळावर असतं. कॉलेजनं त्याहून वेगळा आकडा सांगितला तर लेखी मागा. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर भरायचे, त्यासाठी प्रवेश केंद्रीभूत फेरीतून झालेला असणं महत्त्वाचं आहे.

मग प्रत्यक्ष जाऊन या. दोन प्रश्न विचारा. तुमच्या विषयाच्या मेथडला पूर्णवेळ शिक्षक आहे का? आणि छात्रसेवाकाळासाठी, म्हणजे शाळेत काढायच्या आठवड्यांसाठी, कुठल्या शाळा आहेत? आवारात दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी भेटले तर त्यांच्याशी बोला, ते खरं सांगतात. ग्रंथालयात गेल्या पाच वर्षांतली पुस्तकं दिसतायत का ते बघा.

आता एक गोष्ट कळकळीनं सांगते. "हजेरी लावायची गरज नाही, फक्त परीक्षेला या" असं सांगणारे एजंट गावोगाव फिरतात, बहुतेकदा परराज्यातल्या कॉलेजांची नावं घेऊन. एनसीटीईच्या निकषांप्रमाणे अभ्यासक्रमाला ८० टक्के आणि शाळेतल्या आंतरवासितेला ९० टक्के हजेरी लागते. आमच्या भागातल्या एका मुलानं अशी पदवी घेतली, वडिलांनी बैलजोडी विकून पैसे दिले. नंतर कागदपत्र पडताळणीत त्याला विचारलं की त्याच काळात तुम्ही इथल्या दुकानात कामाला होतात, तशी अनुभवाची नोंद तुम्हीच दिलीय, मग तिथे हजर कसे होतात? त्याच्याकडे उत्तर नव्हतं. पैसे तर गेलेच. पण दोन वर्षं वर्गात उभं राहून जे शिकायचं ते तो शिकला नाही, आणि उद्या त्याच्यासमोर बसणाऱ्या मुलांचं काय, हा विचार मला जास्त छळतो. दूरस्थ बी.एड. असतं, पण ते आधीच शिक्षक प्रशिक्षण झालेल्यांसाठी. पदवीनंतर पहिल्यांदाच शिक्षक होणाऱ्यासाठी ते नाही.

पायरी ७: टीईटी आणि अभियोग्यता चाचणी यांचं वेळापत्रक आधीच डोक्यात ठेवा

या दोन परीक्षांची नावं बोलताना इतकी सारखी होतात की मुलं एक देऊन दुसरी झाली समजतात.

टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. ती पहिली ते आठवीसाठी सक्तीची आहे. राज्याची टीईटी महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते, केंद्राची सीटीईटी सीबीएसई घेते. प्रत्येक पेपर १५० गुणांचा, उत्तीर्ण होण्यासाठी ६० टक्के, राखीव प्रवर्गांना ५५ टक्के. पहिला पेपर पहिली ते पाचवीसाठी, दुसरा सहावी ते आठवीसाठी. प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं, म्हणून बी.एड. चालू असतानाच सीटीईटी देऊन टाका. "मला नववी-दहावीलाच शिकवायचंय" म्हणणाऱ्यांनाही मी दुसरा पेपर द्यायला लावते. आपल्या बहुतेक माध्यमिक शाळा पाचवी ते दहावीच्या असतात, मुख्याध्यापक तुम्हाला सातवीचाही वर्ग देतात. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात तर सर्वोच्च न्यायालयानं पहिली ते आठवीच्या सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी दोन वर्षांत उत्तीर्ण व्हायला सांगितलं, निवृत्तीला पाच वर्षांहून कमी राहिलेल्यांना सेवेत राहण्यापुरती सूट देऊन. वीस वर्षं शिकवलेले माझे सहकारी आज रात्री बालमानसशास्त्र वाचतायत. तुमच्या वाट्याला ते येऊ नये.

अभियोग्यता चाचणी, पूर्ण नाव शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, ही पात्रतेची नाही, भरतीची परीक्षा आहे. २०० गुण, दोन तास, अभियोग्यतेचे १२० आणि बुद्धिमत्तेचे ८०. पवित्र पोर्टलवरची निवड या गुणांवर होते. ती दरवर्षी होत नाही हे नीट लक्षात घ्या. पहिली डिसेंबर २०१७ मध्ये झाली, दुसरी थेट २०२३ च्या सुरुवातीला, तिसरी मे-जून २०२५ मध्ये. पहिल्या दोन परीक्षांमध्ये पाच वर्षं गेली. त्या पाच वर्षांत किती मुलांची वयं वाढली, किती मुलींची लग्नं होऊन पुस्तकं माळ्यावर गेली, ते मी पाहिलंय. म्हणून जाहिरात आल्यावर अभ्यास सुरू करू नका, बी.एड.च्या पहिल्या वर्षापासून रोज अर्धा तास अंकगणित आणि बुद्धिमत्तेला द्या.

निवड झाल्यावरही पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. २०२३ पासून ते प्राथमिकला १६,००० रुपये, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये महिना आहे. शिक्षणासाठी कर्ज काढत असाल तर हप्त्याचं गणित या आकड्यांवर मांडा, पूर्ण वेतनश्रेणीवर नाही.

पायरी ८: एम.एड., एम.ए. शिक्षणशास्त्र आणि सेट, कुणी करावं

बी.एड. झालं, जागा निघत नाहीत, म्हणून एम.एड.ला प्रवेश घेणारे खूप आहेत. शाळेत शिकवायला एम.एड. लागत नाही. मुख्याध्यापक व्हायलाही अनुभव आणि ज्येष्ठता लागते. एम.एड.ची खरी गरज बी.एड. किंवा डी.एल.एड. कॉलेजात शिकवणाऱ्यांना, म्हणजे शिक्षकांना घडवणाऱ्यांना आहे. त्या कामाची ओढ असेल तर जरूर करा, पण शक्य असेल तर तीन-चार वर्षं वर्गात शिकवून मग. स्वतः कधी चाळीस मुलांना सांभाळलं नाही आणि वर्गनियंत्रणावर व्याख्यान दिलं, तर समोरच्या छात्राध्यापकाला ते लगेच कळतं.

एम.ए. शिक्षणशास्त्र हा अभ्यासाचा विषय आहे. शिक्षणाचं धोरण, तत्त्वज्ञान, संशोधन, स्वयंसेवी संस्थांतलं काम यासाठी तो उत्तम आहे. मात्र तो बी.एड.ची जागा घेत नाही. नामांकित विद्यापीठातून ही पदवी घेऊन आलेली मुलं शाळेत अर्ज करायला गेली की अडतात.

तुमच्याकडे विषयातली पदव्युत्तर पदवी असेल आणि ५५ टक्के असतील, तर अकरावी-बारावीला शिकवायचं असलं तरी सेट द्या. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. दोन पेपर, एकूण ३०० गुण, आणि मराठी, इतिहास, भूगोल अशा विषयांची उत्तरं मराठीतून वाचून देता येतात. एम.ए.चा अभ्यास ताजा असताना ती निघते, पाच वर्षांनी तीच परीक्षा डोंगर होते. १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापक व्हायला पीएच.डी. सक्तीची नाही, सेट किंवा नेट हीच किमान अट आहे.

एक वाट जिच्याकडे कमी जण बघतात

बी.एड. विशेष शिक्षण. ऐकू न येणारी, न दिसणारी, बौद्धिक अक्षमता असलेली, शिकण्यात अडचण येणारी मुलं, यांच्यासाठीचं प्रशिक्षण. याला मान्यता भारतीय पुनर्वास परिषद देते आणि उत्तीर्ण झाल्यावर परिषदेच्या नोंदवहीत नाव नोंदवावं लागतं, त्याशिवाय काम करता येत नाही. महाराष्ट्रात प्रवेश त्याच बी.एड. सीईटीतून होतो. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्थेत श्रवणदोष असलेल्या मुलांसाठीचा अभ्यासक्रम आहे. माझ्या एका विद्यार्थिनीनं हा मार्ग घेतला. ती म्हणते, "मॅडम, मूल पहिल्यांदा स्वतःचं नाव खुणेनं सांगतं ना, त्या दिवशी मी घरी चालत जाते, बस पकडावीशी वाटत नाही." संयम असेल तर हा अभ्यासक्रम कुठलाही दुय्यम पर्याय म्हणून घेऊ नका, पहिली पसंती म्हणून घ्या.

गोव्यात शिक्षक व्हायचं असेल तर पात्रता साधारण याच आहेत, पण सरकारी पदांच्या जाहिरातीत कोकणीचं ज्ञान आवश्यक आणि मराठीचं इष्ट असं लिहिलेलं असतं, शिवाय रहिवासाची अट असते. सिंधुदुर्गातल्या मुलांनी पणजी किंवा फोंड्याला बी.एड. करण्याआधी हे वाचून घ्यावं.

पायरी ९: कागद

हे सगळ्यांत कंटाळवाणं आहे आणि इथेच लोक रडतात. दहावीचं प्रमाणपत्र, पदवीच्या गुणपत्रिका, आधार, जातीचा दाखला, सगळीकडे नाव एकसारखं आहे का ते आज बघा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्र करून ठेवा. जात वैधता प्रमाणपत्रासाठी प्रवेशाच्या सहा महिने आधी अर्ज टाका, नॉन क्रीमीलेअर आणि आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला मुदतीत आहे ना ते दर एप्रिलमध्ये तपासा. प्रत्येक सेमिस्टरची गुणपत्रिका स्कॅन करून ईमेलवर स्वतःलाच पाठवून ठेवा. गुण श्रेणीत असतील तर विद्यापीठाकडून टक्केवारीत रूपांतराचं पत्र घ्या, ५० टक्क्यांच्या अटीला हे पत्र लागतं आणि ऐन वेळी ते आठवड्यात मिळत नाही.

त्या समाजशास्त्राच्या मुलीचं सांगायचं राहिलं. तिनं पायरी ३ चं पान केलं. सध्या ती एका शाळेत तासिका तत्त्वावर आहे आणि मुक्त विद्यापीठातून इतिहासात एम.ए. करतेय, कारण बी.ए.ला पहिली दोन वर्षं तिच्याकडे इतिहास होता आणि बी.एड.ची मेथडही इतिहासच. या दिवाळीत पहिल्या वर्षाचे पेपर आहेत. टीईटीचा दुसरा पेपर तिनं सामाजिक शास्त्र घेऊन काढला आहे. अभियोग्यता चाचणीची पुढची तारीख जाहीर होईल तेव्हा लगेच कळावं म्हणून परीक्षा परिषदेचं पान रोज सकाळी उघडायची सवय तिनं लावून घेतली आहे, शाळेत निघायच्या आधी, डबा भरता भरता.